जुन्या चित्रातला सैतान कसा ओळखावा

शिंगे, सुळे, वटारलेले डोळे दिसले की आपण ‘हा राक्षस’ म्हणून मोकळे होतो. जुन्या कलेत ही खूण वारंवार फसवते. घारापुरीच्या मुख्य लेण्यातला अंधकासुरवधाचा पट पाहा: त्यातला सुळे दाखवणारा उग्र चेहरा शिवाचा आहे, अंधकाचा नव्हे. तिबेटी थांग्क्यांतला, म्हणजे गुंडाळता येणाऱ्या कापडी चित्रांतला, कवट्यांचा मुकुट घातलेला महाकाल धर्माचा रक्षक आहे. देवळाच्या उंबऱ्यावरचे कीर्तिमुखही राखणीसाठीच कोरलेले असते. म्हणून चेहरा सगळ्यांत शेवटी वाचायचा.

आधी जागा बघा. चित्रासमोर पाच मिनिटे नुसते उभे राहा आणि कोण मध्यभागी, कोण कडेला, कोण कोणाच्या पायाखाली एवढेच टिपा. वहीत चार रेघांचा आराखडा काढलात तर फारच उत्तम, कारण हात फिरला की डोळा नीट बघू लागतो. युरोपातल्या अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या शेवटी ख्रिस्त सगळ्यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाच्या, चित्रांत बाजू ठरलेली असते. ख्रिस्ताच्या उजव्या हाताला स्वर्ग आणि डाव्या हाताला नरक, म्हणजे आपल्याला नरक उजवीकडे दिसतो. व्हेनिसजवळच्या तोर्चेल्लोच्या मोझेकमध्ये आणि पादुआच्या चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोने 1305च्या सुमारास रंगवलेल्या भिंतीवर नरक तळाशी उजवीकडेच सापडतो. इथे नवखे चुकतात ते डावे-उजवे स्वतःच्या हातांवरून ठरवल्यामुळे. ते मूर्तीच्या हातांवरून ठरवायचे.

मग कृती बघा. तो काय करतो आहे, आणि कोणाच्या हुकुमाने? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, त्यावर घाई नको. फ्रान्समधल्या ओतँच्या चर्चच्या दारावर 12व्या शतकातले शिल्प आहे. त्यात आत्मे तराजूत तोलले जात असताना सैतान आपल्या बाजूचे पारडे खाली खेचतो. हा खरा प्रतिपक्षी. याउलट जपानच्या 12व्या शतकातल्या नरकाच्या गुंडाळीचित्रांतले पहारेकरी पापी माणसांना भयंकर छळतात, पण ते त्यांना नेमून दिलेले काम असते. ते नरकाचे शिपाई. त्यांना सैतान म्हटले की चित्राचा अर्थच उलटतो.

अजिंठ्यातला मार, म्हणजे बुद्धाला ध्यानातून ढळवू पाहणारा मोहाचा अधिपती, तर चेहऱ्यावरून ओळखूच येणार नाही. 26व्या लेण्यात आत शिरताना आपल्या डाव्या बाजूच्या भिंतीवर मारविजयाचा पट आहे. मधोमध बसलेल्या बुद्धाचा उजवा हात जमिनीला टेकलेला आहे. हा भूमिस्पर्श शोधा, की प्रसंग पक्का झाला. भोवती विक्राळ सेना आहे, पण मार स्वतः राजासारखा हत्तीवर येतो. खाली त्याच्या मुली नाचतात, आणि तळाशी हरलेला मार खिन्न बसलेला दिसतो. एकाच पटात तो दोन-तीनदा कोरलेला आहे, हे लक्षात न आल्याने लोक त्याला वेगवेगळी माणसे समजतात. हाच प्रसंग पहिल्या लेण्याच्या अंतराळाच्या, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या छोट्या दालनाच्या, डाव्या भिंतीवर रंगवलेला आहे. तिथे उजेड बेताचा असतो आणि फ्लॅश वापरू नये. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा.

आता अंगावरच्या खुणा. इराणी लघुचित्रांतला दीव (तिथला राक्षस) ठिपक्याठिपक्यांच्या कातडीचा असतो, शिंगे व शेपूट असलेला, आणि हातापायांत सोन्याची कडी. जपानी ‘ओनी’ या राक्षसाला बैलाची शिंगे आणि कमरेला वाघाचे कातडे असते. त्याचा संबंध अशुभ मानलेल्या ईशान्य दिशेशी लावतात. जुन्या दिशागणनेत तिचे नाव बैल-वाघ असेच आहे. युरोपी सैतानाचे बोकडाचे पाय ग्रीक पॅन देवाची आठवण देतात. लाल रंगावर मात्र विसंबू नका. जुना युरोपी सैतान काळा, निळा, हिरवाही असतो: जोत्तोचा निळसर करडा, तर स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या 13व्या शतकातल्या महाकाय हस्तलिखितातला हिरव्या तोंडाचा आणि लाल शिंगांचा. तो सुमारे अर्धा मीटर उंच, पानावर एकटा उभा आहे. पण समोरच्या पानावर स्वर्गनगरी रंगवली आहे, आणि ती दोन पाने एकत्रच वाचायची. फक्त सैतानाचा फोटो कापून पाहिला तर त्या पानांचा अर्थ निसटतो.

शिंगांचाही एक सापळा आहे. रोममधल्या मायकेलँजेलोच्या मोझेसच्या, म्हणजे बायबलमधल्या प्रेषिताच्या, पुतळ्याला शिंगे आहेत. मूळ हिब्रूतला ‘तेजाने झळकणारा’ अशा अर्थाचा शब्द लॅटिन भाषांतरात ‘शिंगे असलेला’ असा झाला, म्हणून.

काळा चेहरा दिसला तर रंगाची झीज तपासा. शिसे असलेले पांढरे आणि शेंदरी रंग भिंतीवर काळवंडतात. इटलीतल्या असिसीमधल्या चित्रकार चिमाबुएच्या भित्तिचित्रांत उजळ भाग काळे पडून चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखे झाले आहे. चीनमधल्या तुनहुआंगच्या जुन्या गुंफांतही गोरी अंगे तपकिरी-काळी झाली आहेत. ओळखायची युक्ती सोपी: त्याच भिंतीवरचे संत, देवदूत, भक्त बघा. तेही तसेच काळे असतील तर दोष रंगाचा. हस्तलिखितात सैतानाचे तोंड खरवडलेले दिसले तर ती बहुधा वाचकांचीच करणी. भीतीने वा रागाने त्याचे डोळे खोडून टाकत.

टिपण करताना नाव त्या संस्कृतीतलेच लिहा: मार, असुर, दीव, ओनी. सगळ्यांना ‘सैतान’ म्हणणे टाळा. महिषासुराला ब्रह्मदेवाने वर दिलेला असतो, मार हा स्वतः कामलोकातला (बौद्ध कल्पनेतल्या इच्छा-वासनांच्या जगातला) देव आहे, आणि सैतान देवाविरुद्ध उठलेला देवदूत. या तिघांची भांडणे वेगळी आहेत. नाव पटत नसेल तर ‘शिंगे असलेली, पायाखाली दबलेली आकृती’ असे साधे वर्णन करून प्रश्नचिन्ह ठेवा. लूव्रमधली पाझूझूची 15 सेंटीमीटरची कांस्यमूर्ती याच कारणासाठी हाताशी असावी: चेहरा भीषण, पाठीवरच्या लेखात तो स्वतःला दुष्ट वाऱ्यांच्या भुतांचा राजा म्हणवतो, आणि तरीही मेसोपोटेमियात बाळंतिणीला लमाश्तू या राक्षसीपासून वाचवायला त्याचेच तोंड ताईत म्हणून वापरत.