गर्भपात, धर्म आणि गोळीबार: हा विषय सातारा-सांगलीकडच्या वाचनगटात कसा घ्यायचा

अमेरिकेत गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना गोळ्या घालतात म्हटलं की आपल्याकडची प्रतिक्रिया ठरलेली, "काय येडी माणसं आहेत, धर्माचं खूळ, दुसरं काय", आणि विषय तिथंच बंद. पण धर्माची माणसं आणि ही हिंसा यांचं नातं बरंच गुंतागुंतीचं आहे आणि ते नीट मांडलं तर चर्चा रंगते, मी साताऱ्यात आमच्या गटात घेतलाय हा विषय, सांगलीतही बोललेय, म्हणून कसा घ्यायचा ते लिहून ठेवतेय.

आधी म्हैसाळ बाजूला काढा. सांगली जिल्ह्यात गर्भपात हा शब्द काढला की लोकांना 2017 चं म्हैसाळ आठवतं, गर्भपात करताना एक विवाहिता गेली आणि त्या तपासात ओढ्याजवळ पुरलेले 19 भ्रूण सापडले. त्यामुळे अर्धा हॉल आधीच "असल्या डॉक्टरांना ठोकलंच पाहिजे" या मूडमध्ये बसलेला असतो. फळ्यावर सरळ दोन रकाने पाडा. एकीकडे गर्भलिंग तपासणी, जी 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. दुसरीकडे गर्भपात, जो 1971 च्या कायद्याने अटींवर कायदेशीर आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही ठराविक परिस्थितीतल्या बायकांसाठी 24 पर्यंत दोन डॉक्टरांचं. आणि बाई सज्ञान असेल तर तिची एकटीची संमती बास, नवऱ्याची नको, सासूची तर नकोच. हे वाक्य दोनदा म्हणा, दरवेळी कुणीतरी मान वर करून बघतंच.

मग अमेरिका. 1993 पासून तिथं अशा हल्ल्यांत 11 माणसं मारली गेलीत, डॉक्टर, रिसेप्शनिस्ट, सुरक्षारक्षक, पण सगळ्यांची जंत्री वाचू नका, लोक मोबाईल काढतात. एकच प्रसंग सांगा आणि पुरता सांगा. विचिटा, कॅन्सस, 31 मे 2009, रविवार. डॉ. जॉर्ज टिलर त्यांच्या लुथरन चर्चमध्ये आल्यागेल्याचं बघायच्या ड्युटीवर होते, बायको क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्या गटात. स्कॉट रोडर आत आला आणि त्यानं तिथंच गोळी घातली. त्याआधी 1986 ला त्यांच्या क्लिनिकवर बॉम्ब टाकून झाला होता, 1993 ला एका बाईनं दोन्ही हातांवर गोळ्या झाडल्या होत्या, तरी ते काम करत राहिले. मारणारा देवाचं नाव घेणारा आणि मरणारा दर रविवारी चर्चला जाणारा. एवढं सांगून जरा थांबा, कारण "धर्म विरुद्ध विज्ञान" असा सोपा हिशोब इथंच कोलमडतो.

आता खरा प्रश्न टाका, या माणसाच्या आजूबाजूला कोण होतं? मी हे असं उलगडून सांगते. अगदी आत हल्लेखोर. त्याच्या भोवती एक बारीक कंपू, जो "मारणं योग्यच" असं उघड लिहितो, सह्या करतो, तुरुंगात पत्रं पाठवतो. आणि त्याच्या बाहेर लाखो साधी माणसं, ज्यांना गर्भपात पाप वाटतो पण खूनही पापच वाटतो. पॉल हिल घ्या, 1994 ला फ्लोरिडात त्यानं एक डॉक्टर आणि त्यांच्यासोबतचा एक माणूस मारला, 2003 ला फाशीची शिक्षा म्हणून त्याला विषारी इंजेक्शन दिलं. हा स्वतः प्रेस्बिटेरियन पाद्री राहिलेला, पण त्याच्या चर्चनं त्याला खुनाच्या आधीच बाहेर काढलं होतं. म्हणजे चर्चनं हात झटकले म्हणायचं का वेळेत ओळखलं म्हणायचं, यावर भांडू द्या लोकांना, मस्त भांडतात. माझं मत विचाराल तर बाहेरच्या मोठ्या गर्दीची जबाबदारी शून्य नाही. रोज "हे खुनी आहेत, खुनी आहेत" ओरडायचं आणि कुणी ते खरं मानून बंदूक उचलली की "आम्ही असं म्हणालोच नव्हतो" म्हणायचं, हे काय पटत नाही.

पण दुसरी बाजू सांगायची राहू देऊ नका. 1967 ला न्यूयॉर्कमध्ये 21 पाद्री आणि रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) उघडपणे एक सेवा सुरू केली, अडलेल्या बायकांना भरवशाच्या डॉक्टरकडे पाठवायची, तेही गर्भपात बेकायदा असताना. सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या प्रोटेस्टंट पंथानं, जो आज कट्टर विरोधात आहे, 1971 ला बलात्कार किंवा आईच्या तब्येतीसारख्या कारणांसाठी गर्भपाताला मुभा असावी असा ठराव केला होता. भूमिका बदलतात, धर्मग्रंथ तोच राहतो.

इथं एक काळजी घ्या. सांगलीत एक रिटायर्ड सर म्हणाले, "ही ख्रिश्चन लोकं असलीच", आणि मागच्या रांगेत मिरजेची एक पोरगी बसलेली, गळ्यात बारीक क्रॉस, ती वहीत उगाच रेघा मारायला लागली. मिरजेत मिशन हॉस्पिटलमुळं शंभर वर्षांहून जास्त काळ ख्रिश्चन वस्ती आहे, त्यांचा कॅन्सासच्या बंदुकवाल्याशी काय संबंध? असं कुणी बोललं की लगेच, पण न ओरडता, "सर, टिलर पण ख्रिश्चनच होते" एवढंच म्हणा. पुरतं.

साताऱ्यात असाल तर दाभोलकरांचा विषय निघणारच, टाळू नका. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला, 2024 ला कोर्टानं गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, बाकी तिघे पुराव्याअभावी सुटले. कोर्ट कुणी ट्रिगर ओढला ते सिद्ध करू शकतं, खुनाच्या बातमीवर "बरं झालं" म्हणणाऱ्या शेजाऱ्याचं काय करायचं ते कोर्टाच्या हातात नाही. हाच तर आपला विषय आहे.

आणि नायगाव. सावित्रीबाईंचं गाव आपल्याच खंडाळा तालुक्यात, दरवर्षी 3 जानेवारीला बसा भरून जातात, पण अडलेल्या विधवांसाठी त्यांनी आणि जोतिबांनी काढलेलं 1863 चं बालहत्या प्रतिबंधक गृह किती जणांना आठवतं? विधवेला दिवस गेले तर समाजाच्या आणि धर्माच्या भीतीनं ती पोर मारायची नाहीतर विहीर जवळ करायची. तिकडं धर्माचं नाव घेऊन डॉक्टर मारले, इकडं धर्माच्या धाकानं बाई मेली. मला विचाराल तर आपल्या भागात हिंसा अजूनही क्लिनिकच्या गेटवर होत नाही, घरातच होते.

भांडण फार तापलं तर बोस्टनचं उदाहरण काढा. 1994 च्या डिसेंबरमध्ये तिथं जॉन साल्वीनं दोन क्लिनिकमधल्या दोन रिसेप्शनिस्ट मारल्या, त्यानंतर तिथले कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल लॉ यांनी क्लिनिकबाहेरची निदर्शनं थांबवायचं आवाहन केलं. आणि दोन्ही बाजूंच्या तीन तीन बायका गुपचूप भेटायला लागल्या, पाचेक वर्षं, 2001 ला जाहीर केलं. गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं बोलणाऱ्या तिघींतली एक चर्चची पाद्री होती. कुणीच मत बदललं नाही पण एकमेकींना राक्षस म्हणणं बंद झालं. तुमच्या गटात पण नियम करा, समोरच्याला जे नाव चालतं तेच वापरायचं, मधेच तोडायचं नाही, आणि चहा चर्चेच्या मधे ठेवायचा, शेवटी ठेवला की तावातावाने निघून जातात लोक.

शेवटचं, संपल्यावर लगेच खुर्च्या आवरायला पळू नका. कुणीतरी बाई बाजूला घेऊन "माझ्या एका मैत्रिणीचं आहे" म्हणून विचारणार. मैत्रीण कोण ते विचारायचं नाही. किती आठवडे झालेत ते विचारा, सरकारी दवाखान्यात ही सोय असते आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे हे सांगा, घरात मारहाण होत असेल तर 181 नंबर द्या, आणि नंबर कागदावर लिहून द्या, मोबाईलमध्ये नको, घरचे मोबाईल बघतात.