प्रोग्रामरचे करिअर का अडते? या चुका टाळा

चार-पाच वर्षे काम करूनही मोठी जबाबदारी मिळत नाही, अशी तक्रार असलेले अनेक प्रोग्रामर उपाय म्हणून आणखी एक भाषा शिकायला घेतात. निदानच चुकलेले असल्यामुळे हा उपाय सहसा लागू पडत नाही. रोजच्या कामाचा मोठा भाग इतरांनी लिहिलेला कोड वाचण्यात आणि त्यातील बिघाड शोधण्यात जातो. सराव मात्र नवा कोड लिहिण्याचाच केला जातो.

मुलाखतीत दोन याद्यांतील समान नावे शोधायला सांगितली, की बायोडेटात सहा भाषा असलेला उमेदवारही लूपमध्ये लूप घालून, म्हणजे पहिल्या यादीतील प्रत्येक नाव दुसरीतील प्रत्येक नावाशी ताडून, मोकळा होतो. प्रत्येक यादीत एक लाख नावे असतील, तर त्या पद्धतीने एक हजार कोटींपर्यंत तुलना कराव्या लागतील. हॅश टेबल, म्हणजे नावावरून त्याची जागा थेट काढून देणारी मांडणी, वापरल्यास साधारण दोन लाख पायऱ्यांत काम भागते. हे ज्ञान कोणत्याही एका भाषेच्या मालकीचे नाही आणि ते लवकर जुनेही होत नाही. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलवर, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या पद्धतीवर, आजचे असंख्य डेटाबेस उभे आहेत, तर एके काळी वेबसाइटवर ॲनिमेशन आणि व्हिडिओ दाखवण्यासाठी सर्वत्र दिसणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला.

सर्वाधिक वेळ खाणारी चूक म्हणजे एरर मेसेज पुरता न वाचता कोडमध्ये हात घालणे. पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे चूक कोणत्या ओळींतून येत गेली हे दाखवणाऱ्या यादीत, मुख्य संदेश शेवटच्या ओळीत असतो. जावामध्ये तो वर दिसतो, पण मूळ कारण बहुधा खाली, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पाशी सापडते. एवढे ठाऊक नसल्याने तासन्‌तास वाया गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही तास माझेच होते. त्यानंतरची चूक म्हणजे एकाच वेळी पाच बदल करून पाहणे. बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही आणि महिन्याभराने तो परत येतो. बिघाड हमखास घडवून आणणारा सर्वांत लहान नमुना आधी तयार करावा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काल चालणारे आज चालत नसेल, तर कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिट या साधनाची ‘गिट बायसेक्ट’ ही कमांड हजार कमिटांमधून, म्हणजे नोंदवलेल्या बदलांमधून, दोषी कमिट साधारण दहा चाचण्यांत काढून देते. तरीही ती वापरणारे कमीच दिसतात.

उसना कोड न समजता वापरणे ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, कारण एरियन ४ मधून जसाच्या तसा घेतलेला कोड ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवू पाहत होता आणि नव्या रॉकेटच्या वेगामुळे ती त्यात मावली नाही. जुन्या रॉकेटवर तोच कोड व्यवस्थित चालत होता. म्हणून नेटवरून उचललेल्या किंवा एआय साधनाने लिहून दिलेल्या प्रत्येक तुकड्याला विचारावे की तो कोणती गोष्ट गृहीत धरतो आणि रिकामी किंवा अवाढव्य माहिती आली तर काय करील.

पासवर्ड किंवा एपीआय की (दुसऱ्या सेवेत प्रवेश देणारी गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून भागत नाही, कारण जुन्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करावी, साफसफाई नंतर. कोड रिव्ह्यूसाठी, म्हणजे सहकाऱ्यांकडून तपासून घेण्यासाठी, दोन हजार ओळी एकदम पाठवणेही टाळावे, कारण त्या नीट वाचायला कोणापाशी वेळ नसतो आणि ‘ठीक आहे’ एवढाच शेरा मिळतो.

राहिला बढतीचा प्रश्न. वर्षभर काय केले, हे मूल्यमापनाच्या आदल्या रात्री आठवत बसणारे ‘बरीच कामे केली’ यापलीकडे फारसे काही सांगू शकत नाहीत. दर आठवड्याला दोन ओळींची नोंद ठेवावी: कोणता बिघाड होता, कारण काय निघाले, आणि दुरुस्तीपूर्वी व नंतर त्याच कामाला किती सेकंद लागले.