किर्गिझस्तान समजून घ्यायचाय? मग नकाशा उघडा

आधी राजधानी, लोकसंख्या वगैरे पाठ करत बसू नका, डोंगर बघा. हा देश जवळपास सगळाच डोंगराळ आहे, तिएनशान रांगेतलं सगळ्यात उंच शिखर जेंगिश चोकुसू 7439 मीटर. आता उत्तरेतल्या राजधानी बिश्केकपासून दक्षिणेतल्या ओश शहरापर्यंत रस्त्यावर बोट फिरवा, मध्ये 3000 मीटरच्या वरचे घाट लागतात, म्हणजे उत्तर आणि दक्षिण एकमेकांपासून किती लांब पडलेत ते लगेच कळतं, आणि इथलं अर्धं राजकारण त्यातच आहे असं मला तरी वाटतं. इसिक-कुल तलाव पण बघाच, पाणी किंचित खारट, कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही.

मग माणसं. बहुसंख्य किर्गिझ, दक्षिणेत फरगाना खोऱ्याकडे उझ्बेक बरेच, शिवाय रशियन. झेंडा झूम करून बघा, सूर्याला 40 किरणं आहेत, 40 टोळ्यांची आठवण म्हणून, आणि मधलं ते जाळीदार वर्तुळ म्हणजे युर्तच्या (भटक्या मेंढपाळांच्या गोल तंबूच्या) छताचं चक्र, तुंदुक.

सरकारचं वाचताना तारखा क्रमाने लिहून काढा नाहीतर गोंधळ होतो: 1991 ला स्वातंत्र्य, 2005, 2010 आणि 2020 ला जनता रस्त्यावर उतरून सत्ता पडली, 2021 च्या नव्या राज्यघटनेने परत राष्ट्राध्यक्षाच्या हातात जास्त अधिकार दिले. संसदेचं नाव जोगोर्कु केनेश.

पैशाचं सोपंय. चलन सोम, कुमतोरच्या खाणीतलं सोनं, मेंढपाळी, आणि रशियात राबणाऱ्या पोरांनी घरी पाठवलेले पैसे, हे शेवटचं अजिबात सोडू नका, कितीतरी घरं त्यावरच चालतात.