सुकलेली रेझिनची रंगपेस्ट टाकू नका

रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतून कडक होणाऱ्या द्रवात, मिसळायच्या रंगांपैकी सगळ्यात आधी दगा देतो तो पांढरा. मागच्या दिवाळीआधी रांगोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन बसले, पांढऱ्या पेस्टची बाटली उघडली, तर वर चिकट तेलकट थर आणि तळाशी खडूसारखा गठ्ठा. आई म्हणाली, "थोडं पाणी घालून उगाळ, गंधासारखा होईल." पण रेझिनला पाण्याचं वावडं. पाणी आत गेलं की ओतलेला तुकडा दुधाळतो आणि नीट कडक होत नाही.

म्हणून आधी लेबल बघा. रंग ज्यात कालवलेला होता, तेच त्याला परत द्यायचं.

पेस्ट बहुतेक वेळा सुकलेली नसते, बसलेली असते. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतो आणि तो रेझिनपेक्षा साडेतीन पट तरी जड, त्यामुळे तळ गाठतो. झाकण घट्ट लावा, बाटली झिपच्या पिशवीत घाला आणि 50 अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. गॅसवर नको, मायक्रोवेव्हमध्ये तर नकोच. मग बाहेरून पुसून कोरडी करा आणि तळापासून ढवळा. माझ्या बाटलीचं तोंड अरुंद, तिथे आईची विणायची जुनी सुई कामी आली. बाटली जोरजोरात हलवू नका, बुडबुडे भरतात आणि ते पुढे तुकड्यात दिसतात.

तरीही गठ्ठा फुटला नाही, तर एपॉक्सी रेझिनमध्ये कालवलेल्या पेस्टसाठी उपाय पार्ट ए, म्हणजे नुसतं रेझिन. पार्ट बी, म्हणजे ते कडक करणाऱ्या हार्डनरचा थेंबही नाही. गठ्ठा गुळगुळीत टाइलवर काढा, दोन-तीन थेंब घाला आणि पॅलेट नाइफने घासत राहा. (उगाळायचं हे आईचं बरोबरच होतं, फक्त पाण्यात नाही.) कणी लागेनाशी झाली की थांबा. पार्ट ए ढसाढसा ओतलं, तर पुढे हार्डनरचं प्रमाण बिघडतं. असा रंग वापरताना 100 ग्रॅम मिश्रणाला 5 ग्रॅमच्या आतच ठेवा. हातमोजे नायट्राइलचे घाला, खिडकी उघडी ठेवा. टर्पेंटाइन, थिनर यांच्या वाटेला जाऊ नका. ते आत अडकून तुकडा मऊ राहतो.

अल्कोहोल इंक (अल्कोहोलमध्ये विरघळवलेला पातळ रंग) सुकली असेल, तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने घाला आणि झाकण लावून रात्रभर ठेवा. 70 टक्केवालं नको, उरलेलं बहुतेक पाणीच असतं. आणि बुडबुडे फोडायचा ज्योतीचा टॉर्च त्या टेबलावर तेव्हा पेटवायचा नाही.

मायका पावडर (अभ्रकाची चमकती रंगपूड) सुकत नाही, उलट पावसाळ्यात गोळे धरते. कागदावर पसरून उन्हात ठेवा, मास्क लावून चहाच्या गाळणीने चाळा. ती गाळणी परत स्वयंपाकघरात गेली, तर माझ्याकडे तक्रार नको.

दोन गोष्टींचा मात्र नाद सोडा. अ‍ॅक्रिलिक रंग रबरासारखा झाला असेल, तर तो परत येत नाही. आणि हार्डनर लागलेली काडी ज्या बाटलीत बुडाली, तीही गेली. माझी निळी अशीच गेली, घाईत एकच काडी दोन्हीकडे फिरवली होती. बाटलीच्या आकाराचा निळा दगड झाला, आता पेपरवेट आहे.

जिवंत केलेला रंग थेट ऑर्डरीत घालू नका. 10 ग्रॅम मिश्रण करून कीचेनच्या साच्यात ओता, 24 तासांनी नखाने दाबून बघा. वळ उठला किंवा चिकट लागलं, तर तो रंग सरावापुरता. माझा पांढरा पास झाला. आता पेस्टच्या बाटल्या दर पंधरवड्याला उलट्या करून ठेवते.