दोरी कापून अखंड करताना

गणपतीच्या मंडपात चालणारा जादूचा हुकमी प्रयोग. पावणेदोन मीटर मऊ सुती दोरी घ्या, आतला गाभा ओढून काढा. नायलॉन नको, कापल्यावर पिंजते.

दोन्ही टोकं डाव्या मुठीत धरा. उजव्या हाताने मध्य वर आणताना तो बोटावर अडकवायचा आणि एका टोकापासून आठ सेंटिमीटरवरची दोरी चिमटून तिचा फास मुठीवर काढायचा. लोकांना तोच मध्य वाटतो. तो फास कापा. तुटलेला आखूड तुकडा अखंड दोरीभोवती गाठ मारून बांधा.

दोरी हाताभोवती गुंडाळताना गाठ सरकून मुठीत येते. घट्ट आवळली तर अडकते. भाद्रपदातल्या दमट हवेत जास्तच. मागे पोरं बसवू नका, मूठ तिथूनच उघडी पडते.