गोव्यात फिरताना सिगार ताजे कसे ठेवाल
पावसाळ्यात गोव्याला सिगार घेऊन येताय तर सिगार सुकू नयेत म्हणून डब्यात ओला स्पंज वगैरे टाकतात तसं अजिबात करू नका, इथली हवा आधीच एवढी दमट की बुरशी धरायला वेळ लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, मसाल्याचा वास नसलेला, त्यात सिगार सेलोफेनसकट ठेवा आणि ६५ किंवा ६९ टक्के ओल राखणारं बोवेडा ब्रँडचं छोटं पाकीट टाका, ते जास्तीची ओल शोषतं पण आणि कमी पडली तर सोडतं पण, म्हणून तेच बेस्ट. डबा नसेल तर झिपलॉक चालेल. फ्रीजमध्ये नको, बांगड्याचा वास लागला की संपलंच! आणि स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको, २५ डिग्रीच्या वर तंबाखूतल्या किड्यांची अंडी फुटायचा धोका असतो. रूमवर कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा.