बायपोलरच्या गोळ्या चालू असताना शुगरवर लक्ष कसं ठेवावं

बायपोलर म्हणजे मन कधी खूप चढतं, कधी खूप खचतं असा मानसिक आजार. त्याची गोळी सुरू झाली, माणूस सावरला, रात्री झोप लागायला लागली आणि दोन-तीन महिन्यांत कपडे घट्ट व्हायला लागले. आपल्याकडे लगेच म्हणतात, "तब्येत सुधारली." पण यातल्या काही गोळ्या भूक आणि वजन वाढवतात, शुगरही वाढवू शकतात. दुसरीकडे, "या गोळ्यांनी शुगर होते" असं कुणाकडून ऐकून घरचे गोळीच बंद करतात. ते जास्त धोक्याचं आहे. गोळी एकदम सुटली की आजार उलटतो, आणि लिथियम ही बायपोलरची गोळी अचानक बंद केल्यावर आत्महत्येचा धोकाही वाढतो. म्हणून गोळी सोडायची नाही, शुगर तपासत राहायची.

आधी गोळी ओळखा. पाकिटावर ब्रँडच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही छापलेलं असतं. ते मेडिकलवाल्याकडून मराठीत लिहून घ्या. ओलॅन्झापिन आणि क्लोझापिन यांच्यात शुगरचा धोका सगळ्यात जास्त. क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोन मधल्या गटात. अ‍ॅरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन यांच्यात बराच कमी. व्हॅलप्रोएटने वजन वाढतं, लॅमोट्रिजिनने सहसा वाढत नाही. जास्त धोक्याच्या गोळ्यांनी पोट भरल्याची जाणीवच नीट होत नाही आणि शरीर इन्सुलिनला (साखर आटोक्यात ठेवणाऱ्या द्रव्याला) पूर्वीसारखी दाद देत नाही. त्यामुळे वजन फारसं न वाढताही काहींची शुगर चढते. बायपोलर असलेल्यांना मधुमेहाचा धोका मुळातच इतरांपेक्षा जास्त असतो, हेही लक्षात असू द्या.

लिथियमचं प्रकरण वेगळं आहे. त्याने खूप तहान लागते, लघवीला वारंवार जावं लागतं, आणि घरच्यांना वाटतं शुगरच झाली. बहुतेक वेळा तो मूत्रपिंडावरचा परिणाम असतो, रक्तातल्या साखरेचा त्याच्याशी संबंध नसतो. अंदाज बांधत बसू नका, शुगर तपासा आणि डॉक्टरांना सांगा. तहान लागते म्हणून पाणी मात्र तोडू नका. लातूर-परभणीकडच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि ते विषारी ठरू शकतं. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, त्यानेही तेच होतं.

मग सुरुवातीचे आकडे लिहून ठेवा. गोळी सुरू होण्याआधी, नाहीतर पहिल्या काही दिवसांत, वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटीची शुगर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) आणि कोलेस्टेरॉल. प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांपुढच्यांची शुगर तपासतात. तुमचा मुलगा २२ वर्षांचा असला तरी त्याच्या गोळीचं नाव सांगून तपासणी मागा, वयाचं कारण ऐकून परत फिरू नका.

कमरेसाठी शिंप्याचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा वर सारून, श्वास सोडल्यावर टेप लावायचा. पोट आत ओढायचं नाही, टेपही आवळायचा नाही. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटर ही आपल्या लोकांसाठीची धोक्याची रेघ आहे.

पुढच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला, नंतर दर तीन महिन्यांनी, शक्यतो एकाच काट्यावर. शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी. नंतर शुगर आणि बीपी वर्षातून निदान एकदा, घरात मधुमेह असेल तर जास्त वेळा.

उपाशीपोटीची शुगर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे सीमेवर, १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेहाचं निदान करतात. एचबीए१सी ५.७ पासून सीमेवर, ६.५ पासून मधुमेह. रक्त कमी असलेल्या बाईचा एचबीए१सी फसवा येऊ शकतो, तिची उपाशीपोटीची शुगरही बघा.

वजन ५ टक्के वाढलं की थांबू नका. ६० किलोचा माणूस ६३ वर गेला, एवढं पुरे. मानसोपचारतज्ज्ञांना थेट विचारा, "डॉक्टर, वजन वाढतंय, कमी धोक्याची गोळी चालेल का?" गोळी बदलता येते, कधी डोस कमी करता येतो, कधी जोडीला मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी देतात. हे ठरवायचं त्यांनीच. आणि तुमचा शुगरचा डॉक्टर वेगळा असेल तर दोघांनाही दोन्ही गोळ्या दाखवा.

खाण्यात आधी चहा बघा. तोंड कोरडं पडतं म्हणून माणूस दिवसभर गोड चहा, उसाचा रस, कोल्ड्रिंक घेत राहतो. त्याजागी पाणी किंवा साधं ताक द्या. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण पोट भरल्याचं कळत नसताना भाकरी मोजूनच वाढायची. रात्री उठून खायची सवय लागली असेल तर डब्यात लाडू-शेव ऐवजी फुटाणे ठेवा. आणि रोज अर्धा तास चालणं. सोबत घरातलं कुणी गेलं तरच ते टिकतं.

खूप तहान, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी असं एकत्र दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी एक वेगळी गोष्ट. दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, तो उन्हाळा लागतालागता परततो, आणि गोळ्याही तपासण्याही याच काळात तुटतात. निघण्याआधी अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवून शुगर करून घ्या, जास्त दिवसांच्या गोळ्या मागा, चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. फडावर गोळ्या संपल्या तर जवळच्या सरकारी दवाखान्यात तीच चिठ्ठी दाखवा. कुठे जावं कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर फुकट आणि मराठीत बोलता येतं.